पाणी आणताय, चांगलंय. पण मीठ कोण मोजणार? खारपाणपट्ट्यातून सरकारला खुलं पत्र

प्रति,
मुंबईत बसणारे आणि हिवाळ्यात नागपूरला येणारे मायबाप सरकार,
तसेच जलसंपदा, कृषी आणि पाणीपुरवठा ही तिन्ही खाती (तिघांनी एकाच टेबलावर बसून वाचलं तर लय उपकार होतील)

विषय : पूर्णेच्या खोऱ्यातलं मीठ

साहेब, रामराम.

मी पूर्णाकाठचा शेतकरी, दर्यापूरकडचा. नऊ एकर काळी जमीन, कापूस, तूर, मूग, आणि पाऊस बरा झाला तर मागून हरभरा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की उद्या सकाळी ग्रामसेवकाला फोन जाईल, तो सरपंचाला करील, सरपंच माझ्या ओट्यावर येऊन बसेल आणि म्हणेल, "कायले लिवलं बे?" आणि मुद्दा राहील बाजूला. तसंही अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून खारपाणपट्ट्यात (जिथं जमीन आणि जमिनीखालचं पाणी खारं आहे त्या पट्ट्यात) ९०० च्या आसपास गावं आहेत, त्यातलं कोणतंही नाव टाका, पत्रातला शब्द बदलावा लागणार नाही.

लिहायचं कारण सांगतो. मागच्या महिन्यात आमच्याकडे शिबिर झालं. मंडप, खुर्च्या, स्टेजवर सीलबंद बाटल्या. बाटल्या शहरातून येतात, आमच्या गावचं पाणी स्टेजवर कोणी पीत नाही. पडद्यावर नकाशा लावला, त्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणापासून बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत एक निळी रेघ, ४२६ किलोमीटरच्या कालव्याची. मग दुसरा नकाशा, तापी मेगा रिचार्जचा, म्हणजे तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या प्रकल्पाचा. १० मे २०२५ ला भोपाळात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशचा करार झाला तो. खारपाणपट्टा आता हिरवा होणार, असं साहेब बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या, खोटं कशाला बोलू. मग प्रश्न विचारा म्हटले म्हणून मी उठलो आणि विचारलं की साहेब, पाणी येणार हे समजलं, पण आमच्या जमिनीत आलेलं पाणी बाहेर कुठून जाणार, आणि त्याच्यासोबत वर येणारं मीठ कुठं जाणार, त्याचा काही नकाशा आहे का?

साहेब हसले. "आधी पाणी तर येऊ द्या!"

पुन्हा टाळ्या. मी खाली बसलो. बाजूच्यानं मला कोपर मारून म्हटलं, "नसते प्रश्न कायले इचारतं, पाणी येऊन राह्यलं ना बाप्पा."

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून हे पत्र.

पहिले हे सांगतो की मी कालव्याच्या विरोधात नाही. कालव्याचं पाणी शिवारात आलं तर पहिला नारळ मीच फोडीन. पण आमचा रोग पाणी नसणं एवढाच नाही हो. पाणी आमच्या पायाखाली आहे, विहिरीत आहे, हातपंपाला येते. ते कसलं आहे हा रोग आहे. आणि तुमच्या सगळ्या फायलींमध्ये पाणी किती टीएमसी, क्षेत्र किती हेक्टर, कालवा किती किलोमीटर हे सापडते, मीठ किती हे सापडत नाही.

ज्यांना खारपाणपट्टा माहीत नाही (पुण्या-मुंबईचे लोक पण वाचतील म्हणून) त्यांच्यासाठी थोडं. पूर्णा सातपुड्यातून, गाविलगडच्या डोंगरातून खाली उतरते, अमरावती, अकोला, बुलढाणा करत जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही बाजूला नदीनंच आणून टाकलेली खोलच्या खोल चिकण काळी माती. जमीन सपाट, उतार नाही, पाणी बाहेर निघायला वाट नाही, पाऊस बेताचा, ऊन विचारू नका. पिढ्यान् पिढ्या क्षार जागच्या जागी साचत राहिले. त्यात सोडियम जास्त, आणि खरा खलनायक तोच. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात ते कॅल्शियममुळे. त्याची जागा सोडियमनं घेतली की कण सुटे होतात, फुगतात, मातीतली बारीक भोकं बुजून जातात. वरचं पाणी खाली जात नाही आणि खालचं मीठ धुऊन निघत नाही.

आता हेच वावरात कसं दिसते ते सांगतो. पावसाळ्यात आठ-आठ दिवस वावरात पाय ठेवता येत नाही, चप्पल चिखलात राहते आणि पाय वर येतो. पऱ्हाटी (कापसाचं झाड) पिवळी पडते, लोकांना वाटते युरिया पाहिजे. आणि त्याच वावरात कुदळीनं दीड फूट उकरा, खाली माती कोरडी ठण्ण. वर पाणी उभं आणि खाली मुळी तहानलेली. उन्हाळ्यात त्याच जमिनीला अशा भेगा पडतात की विळा पडला तर हात घालून निघत नाही, दोन वर्षांपूर्वीचा माझा एक विळा अजून तिथंच कुठंतरी आहे. माझ्या आजानं आयुष्यात कधी विहिरीचं पाणी वावराला दिलं नाही. म्हणायचा, "हिरीचं पाणी देलं का वावर रुसते." आम्ही शिकलेले, आम्ही मोटार बसवली. दोन वर्षं हरभरा बरा झाला, तिसऱ्या वर्षी सकाळी दहिवर वाळल्यावर वर पांढरी पावडर दिसाले लागली, मीठ शिंपडल्यासारखी. तो अर्धा एकर आजही बाकीच्या वावरापेक्षा मागं आहे. म्हणजे चुकीचं पाणी दिलं की काय होते याचा प्रयोग आमच्या घरी करून झाला आहे, कृपा करून तो ९०० गावांत करू नका.

घरातलं पण सांगतो. माझ्या बाबांना किडनीचा आजार होता, शेवटची दीड वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पहाटेची एसटी, सोबत डबा, संध्याकाळी परत, अंगात जीव नाही. पाण्यामुळेच झालं असं कोणताच डॉक्टर लिहून देत नाही, ते पण बरोबर आहे, त्यांना बीपी पण होतं. पण आमच्या गल्लीत असे चार घरं आहेत आणि कोणी येऊन कधी मोजणी केली नाही. मी आठशे रुपयांचा टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घेतला आहे ऑनलाईन. आमच्या विहिरीत बुडवला की २७०० च्या आसपास दाखवते. पिण्याच्या पाण्याचं मानक ५०० आहे, आणि दुसरा काही स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या म्हणतात. बाबांनी तेच पाणी सत्तर वर्षं पिलं. मायनं त्याच पाण्यात वरण शिजवलं, चहा केला. दूध टाकलं की फाटायचा, म्हणून आमच्याकडे बरीच घरं कोराच चहा पितात. साबणाला फेस येत नाही. लग्नाचं तर विचारूच नका, पाहुणे येतात, पोरगा पसंत, वावर पसंत, आणि मग पाणी पिऊन एकमेकांकडे पाहतात.

आता तक्रारी. एकेक लिहितो म्हणजे उत्तर देताना तुम्हालाही सोपं जाईल.

१. माझी माती कागदावर निरोगी आहे. मृद आरोग्य पत्रिका, २०१५ पासून सगळ्यांना मिळते ती, मलापण मिळाली. तिच्यात १२ गोष्टी असतात, सामू, ईसी (क्षार किती ते दाखवणारं माप), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह वगैरे वगैरे. सोडियम नाही. ज्या सोडियममुळे आमचं वाटोळं झालं तो कॉलमच त्या पत्रिकेत नाही. वरून नमुना घेतात वरच्या सहा इंचाचा, आणि आमच्याकडे खराबी खाली खाली वाढत जाते. त्यामुळे माझ्या पत्रिकेवर ईसीच्या समोर छापून आलं "सामान्य". मी ते कार्ड फ्रेम करून लावणार होतो, बायको नको म्हटली. साहेब, पेशंटचा पाय मोडलाय आणि तुम्ही त्याचे दात तपासून रिपोर्ट नॉर्मल देऊन राहिले.

२. जिप्सम. यावर काही नवीन शोध लावायचा नाहीये, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं खारपाणपट्ट्यासाठी शिफारस केव्हाच करून ठेवली आहे, हेक्टरी अडीच टन जिप्सम, सोबत ढैंचा किंवा बोरूचं हिरवळीचं खत, उताराला आडवी पेरणी, सरी वरंबे. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हाकलते, मग पावसाचं गोडं पाणी त्याला धुऊन खाली नेते. म्हणजे जिप्सम पडलं पाहिजे पावसाच्या आधी. मी एका योजनेत नाव दिलं होतं (कोणती योजना, कोणतं ऑफिस ते लिहीत नाही, त्या टेबलावरचा माणूस पण बदलून गेला असेल). जिप्सम आलं ऑगस्टच्या शेवटी, पऱ्हाटी कमरेला लागली होती तेव्हा. टाकू कुठं? पोती गोठ्यात रचली, वरून कौलाचं पाणी गळलं, आता ती पोती अशी दगड झाली आहेत की म्हैस त्याच्यावर अंग घासते. कागदावर मात्र मी लाभार्थी आहे, माझा फोटो पण आहे पोत्यासोबत. पुढच्या वर्षी स्वतःच्या पैशानं मे महिन्यात एका एकरात टाकलं. जादू झाली नाही, पण जिथं पाणी सात-आठ दिवस उभं राहायचं तिथं तीन-चार दिवसांत जिरलं, आणि त्या एकरात तूर उभळून वाळली नाही. एवढं पुरे होतं मला.

३. शेततळं. इथं मी सरकारचं कौतुक पण करणार आहे, नुसतीच बोंब मारतो असं नको. खारपाणपट्ट्याला शेततळ्यासारखं औषध नाही. पावसाचं पाणी गोडं, आणि आमची माती इतकी चिकण की खाली झिरपत नाही, प्लॅस्टिकचा कागद न टाकता पण पाणी टिकते. जो आमचा शाप आहे तोच इथं कामाला येतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ ला जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झाला, त्यातल्या ५१४२ गावांत पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली ९०० च्या वर गावं घेतली, हा विचार चांगलाच होता, आणि काही गावांत चांगली तळी झाली, मी पाहून आलो आहे. पण माझ्या बाजूच्या वावरात जे तळं झालं (पुन्हा, कोणत्या योजनेतलं ते सोडा) त्याचा किस्सा ऐका. खोदणाऱ्यानं चौकोन खोदला, माती काठावर रचली, मोजमाप झालं, बिल निघालं. सांडवा ठेवला नाही, पाणी आत येते तिथं दगड लावले नाहीत. आमची माती पाण्यात साखरेसारखी विरघळते हो. आधी काठाला उंदराच्या बिळासारखं भोक पडलं, मग त्या भोकाचा बोगदा झाला, आणि जुलैच्या एका रात्री अख्खा काठ बसला, पाणी गेलं शेजाऱ्याच्या मुगात. शेजारी म्हणजे मीच. कोकणात आणि मराठवाड्यात जो नकाशा तोच इथं चालणार नाही, एवढं समजायला जागतिक बँक लागत नाही.

४. विहिरीला अनुदान. रोजगार हमीतून विहिरीला २०२२ ला ४ लाखांपर्यंत केले, चांगली गोष्ट आहे, जिथं पाणी गोडं तिथं. पण खाऱ्या पाण्याच्या शिवारात विहीर म्हणजे शेतकऱ्याच्या हातात मिठाची पिचकारी देणं. आधी पाण्याचा नमुना, मग मंजुरी, असा साधा नियम आमच्या पट्ट्यापुरता कडक का नसावा? आणि ज्याला विहीर नाकारली त्याला तेवढेच पैसे तळ्यासाठी द्या, मग तो ओरडणार नाही. "मागेल त्याला शेततळे" आलं तेव्हा, २०१६ ला, जास्तीत जास्त ५० हजार होते. त्यात पोकलेनचं डिझेल निघते, सांडवा नाही निघत.

५. पिण्याचं पाणी. घरासमोर पाईप आला, तोटी आली, तोटीवर चिमणी बसते. पाणी आठ-दहा दिवसांनी, कधी पंधरा. मधल्या दिवसांत गावातल्या आरओच्या मशीनवर नाणं टाकून जार भरतो. त्या मशीनच्या मागच्या बाजूला कोणी साहेब कधी गेले का? तिथं एक काळा पाईप आहे. जेवढं गोडं पाणी समोरून निघते, त्याच्यापेक्षा जास्त, आणखी खारट झालेलं पाणी त्या पाईपातून नालीत जाते, आणि ती नाली जिथं संपते तिथून पन्नास पावलांवर गावची जुनी विहीर आहे. मी पेन लावून पाहिला, आकडा लिहीत नाही, तुम्ही येऊन लावा. म्हणजे आम्ही पैसे देऊन मीठ वेगळं करतो आणि फुकटात परत विहिरीत टाकतो. यासाठी टीएमसी लागत नाही, त्या पाण्याला एक पक्का खड्डा लागतो. तेवढंही कोणाच्या डोक्यात आलं नाही.

याच पाण्यापायी एप्रिल २०२३ ला खारं पाणी टँकरमध्ये भरून अकोल्याहून नागपूरला यात्रा निघाली होती, वान धरणातून बाळापूरकडच्या ६९ गावांना प्यायचं पाणी देणाऱ्या योजनेला स्थगिती दिली म्हणून. नागपूरच्या वेशीवर अडवली. पक्षाचं राजकारण त्यात असेलच, नाही कोण म्हणते. पण टँकरातलं पाणी काही पक्षाचं नव्हतं. तेल्हाऱ्याचा शेतकरी म्हणतो वान धरणाचं पाणी आमच्या सिंचनाचं, खरं आहे. बाळापूरचा माणूस म्हणतो आम्हाला प्यायला पाहिजे, ते पण खरं आहे. दोन खऱ्यांना एकमेकांच्या अंगावर सोडून तिसरा मजा पाहतो, ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे.

६. बॅरेज आणि धरणं. पूर्णेवर नेर धामणाचं बॅरेज किती वर्षं चाललंय हे तेल्हाऱ्यात कोणत्याही पानठेल्यावर विचारा. जिगावचं धरण नव्वदच्या दशकात चारशे कोटींच्या आत होणार होतं, आता आकडा तेरा हजार कोटींच्या पुढं गेला आहे. उशिराबद्दल सगळेच बोलतात, मी नाही बोलत. माझा प्रश्न वेगळा आहे. नदीत पाणी अडवलं की काठच्या जमिनीत पाण्याची पातळी वर चढणार. आमच्या पोटात खारं पाणी आहे. ते वर चढलं आणि मुळ्यांपर्यंत आलं तर? भूजलवाले वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात, मी त्यांच्या माणसाला टेप सोडताना पाहिलं आहे. त्याच टेपच्या बाजूला एक ईसीचा मीटर सोडायला किती वेळ लागते? आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायला किती खडू लागते?

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्याच्यावर त्या दिवशी साहेब हसले.

कालवा आला, पाणी भरपूर झालं आणि जमीन बिघडली, हे महाराष्ट्राला नवीन नाही. नीरा कालव्यावर शंभर वर्षांपूर्वी हे झालं, इंग्रज सरकारनं तेव्हाच निचऱ्याचे प्रयोग करायला घेतले होते. मग कृष्णाकाठी झालं. सांगली, मिरज, वाळवा, शिरोळ. तिकडची जमीन आमच्यासारखी जन्मानं खारी नव्हती, सोन्यासारखी होती. उसाला पाणी, आणखी पाणी, निचरा शून्य, आणि एका पिढीत हजारो एकर क्षारपड झाली, गवतसुद्धा उगवेना. मी शिरोळ तालुक्यात जाऊन आलो, पाहुण्यांच्या लग्नाला गेलो होतो, लग्न राहिलं बाजूला आणि मी लोकांच्या वावरात. तिकडं आता जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकतात, चार-पाच फूट खोल, सगळ्यांचे पाईप मिळून एका मोठ्या चरीला, आणि चर नाल्याला. पावसाचं पाणी मीठ धुऊन त्या पाईपात येते. एका शेतकऱ्यानं मला त्या पाईपाच्या तोंडाशी नेलं, ओंजळ धरली, म्हणाला "चाखून बघा पाव्हणं." खारट. तो इतका खूश होता, मीठ बाहेर निघतंय म्हणून. ऊस पुन्हा उभा होता मागं. पण यासाठी एकट्या-दुकट्यानं जमत नाही, शंभर-दोनशे शेतकऱ्यांना एकत्र यावं लागलं, कर्ज काढावं लागलं, आणि हे सगळं कधी, तर जमीन मेल्यावर. त्यांच्याकडे चांगली जमीन वीस-तीस वर्षांत बिघडली. आमच्याकडे मीठ आधीच आहे, उतार आधीच नाही, सोडियम आधीच आहे. इथं निचऱ्याशिवाय बारमाही पाणी सोडलं तर किती वर्षं लागतील? मला माहीत नाही. पण तुम्हाला माहीत असलं पाहिजे, ८८ हजार कोटींचा प्रकल्प तुमचा आहे.

माझा मावसभाऊ ऑस्ट्रेलियात असतो, मेलबर्नला. त्याला फोनवर हे रडगाणं सांगितलं तर तो म्हणाला, अरे आमच्याकडे मरे-डार्लिंगच्या खोऱ्यात हाच लोचा आहे. मग त्यानं जे पाठवलं ते वाचून मी दोन दिवस विचार करत होतो. त्यांनी १९८८ पासून मिठाचं खातं उघडलं आहे. अक्षरशः खातं, जमा आणि नावे. कोण्या राज्यानं नवीन सिंचन सुरू केलं आणि त्यानं नदीत मीठ वाढणार असेल तर ते त्याच्या नावे पडते. ते फेडायचं तर मीठ कमी करणारं काम करून जमा दाखवा. नदीच्या खालच्या अंगाला मॉर्गन म्हणून गाव आहे, तिथं पाण्याचा ईसी ९५ टक्के वेळ ८०० च्या खाली राहिला पाहिजे, हे लक्ष्य. आणि काठाला बोअर पाडून खारं भूजल नदीत शिरायच्या आधीच उपसतात आणि दूर नेऊन वाळवतात, असं दरवर्षी सुमारे पाच लाख टन मीठ नदीबाहेर ठेवतात. तिकडं पण सगळं गोडगोड नाही, पाण्यावरून राज्यांची भांडणं आपल्यासारखीच आहेत म्हणे. पण मीठ कोणाचं आणि किती, यावर भांडायला त्यांच्याकडे वही तरी आहे.

८०० साहेब. माझ्या विहिरीचा ईसी त्याच मापात ४ हजारांच्या वर आहे. नदी आणि विहीर एक नाही, मान्य. तरी.

आता मागण्या. शिव्या नाहीत, आंदोलनाची धमकी नाही, रस्ता रोकोला वेळ पण नाही, वेचणी चालू आहे.

खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक गावाचा मिठाचा नकाशा करा. विहिरीचं पाणी आणि तीन-चार फुटांपर्यंतची माती, सोडियमसकट. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा. आणि तो आकडा ऑफिसच्या कपाटात नको, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाहिजे.

जिथं जिथं कालव्याचं किंवा बॅरेजचं पाणी देणार, तिथं आधी निचऱ्याचा आराखडा. चर कुठून, नाला कोणता, नाल्याचं पाणी शेवटी कुठं पडणार, खालच्या गावाला त्याचा त्रास होणार का. तो आराखडा ग्रामसभेत ठेवा, मराठीत. पाणीपट्टी ठरते तशी निचऱ्याची जबाबदारी पण ठरू द्या. आणि पाणी देताना ते पाटानं मोकाट देऊ नका, एक-दोन संरक्षित पाण्यापुरतं, तुषार-ठिबकनं. आमच्या हरभऱ्याला खरं तर एकच पाणी हवं असतं, घाटे भरताना, आम्ही काही ऊस लावायला बसलो नाही. (लावतील, काही जण लावतील, म्हणून आत्ताच बांधून ठेवा.)

मृद आरोग्य पत्रिकेत आमच्या पट्ट्यापुरता सोडियमचा कॉलम वाढवा.

जिप्सम ३० एप्रिलच्या आत गावात. मेमध्ये आलं तर उशीर, जूनमध्ये आलं तर नकोच, परत न्या.

शेततळ्याला या पट्ट्याचा वेगळा नकाशा आणि वेगळा दर, सांडवा आणि दगडाच्या पिचिंगसकट. बिल पहिला मोठा पाऊस पडून काठ टिकल्यावरच काढा. मग बघा कसे मन लावून खोदतात.

आरओच्या टाकाऊ पाण्याची सोय, आणि नळाला दिवसाआड तरी पाणी. घरटी किडनीची तपासणी, निदान चाळिशीच्या वरच्यांची, आणि तिचा निकाल पाण्याच्या नकाशाला जोडून ठेवा. बाबांसाठी उशीर झाला. मायचं वय ६८ आहे.

शेवटची मागणी लहान आहे. शिबिरात हसणाऱ्या साहेबांनी या प्रश्नाचं उत्तर लेखी द्यावं. "आधी पाणी तर येऊ द्या" हेच उत्तर असेल तर तेच लेटरहेडवर लिहून द्या, सही-शिक्क्यासह, मी जपून ठेवीन, वीस वर्षांनी माझ्या पोराला कामी येईल.

आणि मातीचा नमुना घ्यायला माणूस पाठवणार असाल तर हरभरा निघाल्यावर आणि पहिल्या पावसाच्या आत पाठवा. तेव्हा जमीन तापलेली असते, कुदळ लागत नाही, सब्बल लागते, म्हणून तो सहा इंच खरवडून निघून जाईल याची मला खात्री आहे. तर ते काम मीच करून ठेवतो. गट नंबर विचारत या, बांधावर बाभूळ आहे, तिच्यापासून दहा पावलांवर साडेतीन फुटांचा खड्डा खणून ठेवतो, उतरायला पायरी पण करतो. पिशव्या तेवढ्या तुमच्या आणा.

आपला,
पूर्णाकाठचा एक लाभार्थी